चिरायची फळी कुठल्या लाकडाची? आधी कड बघा, रंग शेवटी

फळीचा फोटो पाठवून "हे साग आहे ना?" असं विचारणारे बहुतेक जण एकच चूक करतात. फोटो वरून काढलेला असतो, ट्यूबलाइटखाली, पुष्कळदा कडेला अर्धा चिरलेला कांदाही असतो. अशा फोटोवरून कोणी लाकडाचं नाव सांगितलं, तर तो अंदाज समजावा. लाकडाची ओळख वरच्या गुळगुळीत बाजूवर नसतेच. ती असते कडेला, आडव्या कापावर, म्हणजे ओंडका आडवा कापल्यावर जी बाजू दिसते तिथे. आमच्या वाडीतले सुतारकाका एका वाक्यात सांगतात, "रंगार जाव नको, कड बघ."

इथे एका क्रमाने पायऱ्या दिल्या आहेत. क्रम मोडू नका. वास, रंग आणि पाण्याची परीक्षा मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण एकदा डोक्यात नाव बसलं की पुढे सगळं त्याच नावाला जुळवून दिसायला लागतं.

## आधी काय जमवायचं

- स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. तो नसेल तर किराणावाल्याकडे वजन करून आणा.
- मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी.
- दहापट दाखवणारं भिंग. सोनारांकडे असतं तसं डोळ्याला लावायचं भिंग उत्तम.
- दाढीचं नवंकोरं ब्लेड. दोन-तीन असू द्या.
- पॉलिश पेपर: १२०, २२० आणि ४०० नंबर.
- पॉलिशवाले वापरतात ते स्पिरिट, थोडा कापूस आणि जुना टूथब्रश.
- ओळखीच्या लाकडांचे तुकडे.

हा शेवटचा जिन्नस सगळे वगळतात, आणि खरा उपयोग त्याचाच होतो. जवळच्या सुताराकडे किंवा वखारीत जा आणि साग, आंबा, फणस, ऐन, शिवण यांचे काडेपेटीएवढे तुकडे मागा. सहसा कोणी पैसे घेत नाही. प्रत्येक तुकड्यावर तिथल्या तिथे पेन्सिलने नाव लिहा, घरी आल्यावर लिहू म्हणू नका. मी एकदा सहा तुकडे एका पिशवीत घालून आणले आणि शिवण कुठली, आंबा कुठला, यात संध्याकाळ घालवली.

## पायरी १: लेबल वाचा, पण त्यावर विसंबू नका

लेबल लावलेलं असेल तर धुण्याआधी त्याचा फोटो काढा. मग शब्द नीट वाचा. 'टीक फिनिश' म्हणजे सागासारखा रंग, साग नव्हे. 'सॉलिड वुड' म्हणजे आत भुशाचा बोर्ड नाही एवढंच, झाड कुठलं ते त्यातून कळत नाही. 'नॅचरल वुड' या शब्दांतून काहीच कळत नाही.

दोन नावांनी आपल्याकडे फार घोळ होतो. पहिलं नाव शिसव. सह्याद्रीतली शिसव काळपट जांभळी असते. उत्तरेकडचा शीशम वेगळा, सोनेरी तपकिरी आणि त्यावर गडद पट्टे. दोन्ही एकाच कुळातले भाऊबंद आहेत, पण दुकानात शीशमच बहुतेक वेळा 'शिसव' म्हणून विकला जातो. दुसरं नाव अकेशिया. लेबलवर हे वाचून लोक "म्हणजे आपली बाभूळ" असं धरून चालतात. वनस्पतिशास्त्रात २००५ साली हे नाव ऑस्ट्रेलियाकडच्या झाडांसाठी राखलं गेलं आणि आपली बाभूळ व खैर वेगळ्या गटांत गेले. फळ्यांत येणारी अकेशिया बहुधा कोकणात रस्त्याकडेला आणि बोडक्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) लावलेल्या 'ऑस्ट्रेलियन बाभळी'च्या जातकुळीतली असते.

## पायरी २: मुळात हे लाकूड आहे का?

वरच्या बाजूवरची एक ठळक रेघ निवडा आणि ती टोकाच्या कडेपर्यंत नेऊन बघा. खऱ्या लाकडात ती कडेवरून खाली वळते, तिरकी होते, पण तुटत नाही. ती कडेवर एकदम थांबली आणि खाली वेगळंच काही दिसलं, तर वर पातळ पापुद्रा चिकटवला आहे. कडेला एकाआड एक फिकट-गडद थर दिसले तर ते प्लायवूड. कड सगळीकडे सारखीच, पुठ्ठ्यासारखी दिसली तर तो दाबलेल्या भुशाचा बोर्ड.

बांबू लगेच कळतो. आडव्या कापावर छिद्रं नसतात, गडद ठिपक्यांची गर्दी असते, एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ. वरच्या बाजूवर मधेमधे पेराची आडवी खूण दिसते. बांबू हे गवत आहे, तेव्हा तुमची फळी बांबूची निघाली तर काम इथेच संपलं.

तपासा: फळी पट्ट्या जोडून केली आहे का? तसं असेल तर पट्ट्या मोजा आणि खडूने नंबर घाला. एका फळीत दोन-तीन प्रकारची लाकडं सर्रास असतात. एका पट्टीवरून सगळ्या फळीचं नाव ठरवणं ही दुसऱ्या नंबरची चूक.

पट्ट्यांच्या टोकांना एकमेकांत गुंतवलेल्या बोटांसारखा दातेरी सांधा दिसला तर रबराच्या लाकडाचा संशय घ्या. इतर लाकडंही असा सांधा घालून येतात, म्हणून आत्ता फक्त संशयच घ्यायचा.

## पायरी ३: वाळवा

कोकणात ही पायरी गाळून चालत नाही. जुलैत मालवणातल्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकवलेली फळी हवेतलं पाणी पीत असते. मे महिन्याच्या मानाने तिचं वजन पाच-सहा टक्क्यांनी सहज वाढतं. ओल्या लाकडाचा रंग गडद दिसतो, छिद्रं मिटल्यासारखी होतात, आणि वास येतो तो लाकडाचा की कालच्या बांगड्याचा ते कळत नाही.

फळी कोमट पाण्याने आणि थोड्या साबणाने धुवा, पुसा आणि पंख्याखाली उभी ठेवा, दोन्ही बाजूंना वारा लागेल अशी. पावसाळ्यात चार-पाच दिवस, एरवी दोन.

सावधान: उन्हात टाकू नका. एका बाजूने तापून फळी वाकते आणि पट्ट्यांचे सांधे उकलतात. चुलीच्या माळ्यावरही नको.

वाळली का ते कसं ओळखायचं? सकाळी वजन करा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा करा. फरक दोन-तीन ग्रॅमच्या आत आला की पुढे जा.

## पायरी ४: वजन आणि माप

लांबी, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये मोजा आणि गुणा. मुठीचं भोक आणि रस साठायची खाच यांचं माप अंदाजाने वजा करा. मग ग्रॅममधल्या वजनाला या आकड्याने भागा.

उदाहरणार्थ, ३५ × २५ × २ म्हणजे १७५० घनसेंटिमीटर. वजन १०८५ ग्रॅम भरलं तर उत्तर ०.६२.

साधारण आकडे असे:

- रबर, फणस: ०.५५ ते ०.६५
- साग, आंबा: ०.६ ते ०.७
- बीच (परदेशी लाकूड): ०.७ च्या आसपास
- कडुनिंब: ०.७ ते ०.८
- शीशम: ०.७५ ते ०.८५
- बाभूळ: ०.७५ च्या पुढे
- शिसव: ०.८ ते ०.९
- चिंच: ०.९ च्या पुढे

साग, आंबा, रबर आणि फणस एकमेकांच्या अंगावर आले आहेत हे बघितलंत ना? म्हणून ०.६२ आलं की "साग!" म्हणून उडी मारू नका. वजनाने नाव सापडत नाही, वजनाने नावं खोडता येतात. ०.६२ आलं म्हणजे शिसव, शीशम, बाभूळ आणि चिंच यांच्यावर काट मारा, एवढंच. मटणाच्या दुकानातला ओंडका चिंचेचा असतो, तो दोघांना मिळून का उचलावा लागतो, हेही या यादीवरून कळेल.

नेहमीची चूक: फळी बादलीत टाकून "तरंगली म्हणजे हलकं लाकूड" म्हणणं. ज्याचा आकडा एकच्या खाली ते सगळं तरंगतं, बहुधा चिंचसुद्धा. या परीक्षेतून फळी भिजते आणि पायरी ३ परत करावी लागते.

## पायरी ५: आडवा काप उघडा करा

सगळ्यांचं इथेच चुकतं, म्हणून ही पायरी सावकाश सांगतो.

फळीला चार कडा असतात. दोन लांब कडांवर रेघा लांबट दिसतात, त्या आपल्या कामाच्या नाहीत. उरलेल्या दोन कडांवर ठिपके किंवा भोकं दिसतात, तिथे काम करायचं. बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकोनांच्या जाड फळीत मात्र आडवा काप वरच्याच बाजूवर असतो.

कडेवर नजरेआड असेल असा कोपरा निवडा. वरच्या बाजूच्या मध्यभागी कधीही घासू नका. मी शेजारच्या वहिनींच्या फळीवर नेमकं हेच केलं होतं. तिथे रुपयाएवढा फिकट डाग राहिला, तो वर्षभर त्यांना दिसत होता आणि मला ऐकावा लागत होता.

आधी स्पिरिटचा बोळा फिरवा. कापूस तपकिरी झाला तर फळीवर रंग चढवला आहे, आणि वरून जे दिसत होतं ते लाकूड नव्हतं. मग १२०, २२०, ४०० या क्रमाने पॉलिश पेपर मारा. अंगठ्याच्या नखाएवढी जागा पुरे. टूथब्रशने भुकटी झाडा.

आता ती जागा कोमट पाण्याच्या बोळ्याने पाच मिनिटं ओली ठेवा. ब्लेड जवळजवळ आडवं धरून स्वतःपासून दूर सरकवत पातळ पापुद्रा काढा. पापुद्रा फेकून द्या, बघायचं ते मागे उरलेल्या चकचकीत जागेकडे. चार-पाच काप झाले की ब्लेड बदला.

सावधान: फळी मांडीवर धरू नका. टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळा, नाहीतर कोणाला तरी दाबून धरायला सांगा. दुसरा हात ब्लेडच्या वाटेत नको.

तपासा: भिंगातून छिद्रांच्या कडा स्वच्छ दिसतात का? माखलेल्या, पिठुळ दिसत असतील तर ब्लेड बोथट आहे. तसं असताना पुढचं वाचून उपयोग नाही, नवं ब्लेड घ्या.

## पायरी ६: भिंगातून वाचा

दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बसा. भिंग डोळ्याला चिकटवा आणि फळी भिंगाकडे आणा. तीन गोष्टी बघायच्या: छिद्रं कशी मांडली आहेत, छिद्रांभोवती फिकट कडी आहे का, आणि पातळ फिकट पट्टे कसे जातात.

साग. वर्षाच्या सुरुवातीची मोठी छिद्रं एका ओळीत मांडलेली, पुढे ती बारीक होत जातात, मग पुन्हा मोठ्यांची ओळ. लागवडीचा साग भराभर वाढतो, त्यात दोन ओळींमध्ये सेंटिमीटरहून जास्त अंतर असू शकतं. अरुंद पट्टीत एकही ओळ सापडली नाही असं होतं, म्हणून शेजारच्या पट्ट्याही बघा. पाच-सहा पट्ट्यांत कुठेच ओळ नसेल तर ते साग नाही, मग वरचा रंग काहीही सांगो.

रबर. छिद्रं विखुरलेली, बरीचशी दोन-तीनच्या साखळीत. त्यांच्या आडवे असंख्य बारीक फिकट पट्टे, कोळ्याच्या जाळ्याच्या विणीसारखे. गाभा आणि बाहेरचं लाकूड यांत रंगाचा फरक नाही, सगळं मलईसारखं, किंचित गुलाबी. वरच्या बाजूवर छिद्रांच्या आखूड काड्या-काड्या दिसतात. दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबराच्या बागा आहेत. चीक आटला की, साधारण पंचवीस-तीस वर्षांनी, झाडं तोडतात आणि ते लाकूड बाजारात येतं. याला भुंगा आणि बुरशी लवकर लागते, म्हणून कापल्या कापल्या बोरॉनच्या मिश्रणाची प्रक्रिया करतात.

आंबा. छिद्रं नुसत्या डोळ्यांनीही दिसतात, पण विरळ. प्रत्येक छिद्राभोवती फिकट कडी, डोळ्यासारखी. रंगावर जाऊ नका: एकाच फळीत पिवळट, राखाडी आणि बुरशीने आलेले काळे फराटेही असतात.

फणस. छिद्रं मोठी आणि मोजकी, फिकट कडीची. आंब्याशी गल्लत होते ती इथेच. निकाल पायरी ७ मध्ये.

अकेशिया. छिद्रांभोवती फिकट कडी असते, पण आधी नजरेत भरतो तो रंगाचा तुटक फरक: तपकिरी गाभ्याला लागून एकदम पांढरट लाकूड.

शीशम आणि शिसव. छिद्रांच्या कड्या एकमेकींना जोडून लाटांसारखे पट्टे होतात. फळीच्या सपाट बाजूवर तिरका उजेड पाडून भिंगाने बघितलं तर कधीकधी अतिशय बारीक आडव्या लहरी दिसतात, ओहोटीनंतर पुळणीवर उमटतात तशा. बिबळा नावाच्या झाडाच्या लाकडातही त्या असतात. साग, आंबा, रबर यांत नसतात.

बीच. परदेशातून येतं. छिद्रं इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत, पण सपाट बाजूवर सगळीकडे तिळाएवढ्या तपकिरी आखूड रेघा असतात. रंग गुलाबट. हे रबर म्हणून खपतं आणि रबर हे म्हणून खपतं. आडव्या कापावर उघड्या डोळ्यांनी छिद्रं दिसली तर बीच नाही.

कडुनिंब. लालसर तपकिरी, वजनाला बरं, वरच्या बाजूवर उजेड फिरवला की रिबिनीसारखी फिकट-गडद झाक. कडू लागतं का ते बघायला जिभेवर लाकूड ठेवू नका. वर काय फासलंय ते तुम्हाला माहीत नाही.

भिंगातून मोबाइलने फोटो काढून ठेवा, बाजूला स्टीलची पट्टी ठेवून. मग तोच काप सुताराकडून आणलेल्या तुकड्यांवर करा आणि शेजारी शेजारी बघा. वर्णन वाचून जे अर्ध्या तासात कळत नाही ते दोन तुकडे लावून मिनिटात कळतं.

## पायरी ७: आता वास, रंग आणि पाणी

इथपर्यंत दोन-तीन नावं उरली असतील. त्यांच्यात निवड करायलाच या परीक्षा वापरायच्या.

*वास:* नव्याने घासलेल्या जागेचा लगेच घ्या. सागाला जुन्या चामड्यासारखा वास येतो आणि बोटाला किंचित तेलकट लागतं. वरून तेल चोपडलेली कुठलीही फळी तेलकट लागते, म्हणून ताज्या कापावरच बघा.

*रंग:* फणसासाठी ही माझी आवडती परीक्षा. मागच्या बाजूला कोपऱ्यात दोन सेंटिमीटर जागा घासा. फणस आतून हळदीसारखा पिवळा निघतो. त्यातल्या अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवून फळी काही दिवस खिडकीत ठेवा. उघडा भाग तपकिरीकडे झुकतो, झाकलेला पिवळा राहतो. पिवळ्या पडलेल्या वार्निशवरून एका रबराच्या फळीला फणस म्हणण्याचा पराक्रम मी केलेला आहे. घासल्यावर आतून पांढरं निघालं.

*पाणी:* बिबळ्याचा संशय असेल तर चिमूटभर भुसा काचेच्या पेल्यात पाण्यात टाका. पाणी पिवळट तपकिरी होतं आणि काळ्या कापडासमोर उन्हात धरल्यावर निळी झाक मारतं. हे पाणी पिऊ नका, ही फक्त ओळख आहे.

*लोखंड:* ओल्या फळीवर लोखंडी सुरी किंवा कोयती रात्रभर राहिली आणि सकाळी शाईसारखा डाग उमटला, तर लाकडात टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर आहे. बाभूळ, खैर, ऐन, अकेशिया यांचं असं होतं. मुद्दाम डाग पाडू नका, जुने डाग असतील तर तेवढे बघा. लिंबाने किंवा कोकमाने ते फिके होतात.

सावधान: तुकडा जाळून वास घेण्याचा सल्ला देणारे भेटतील. फळीवरचं पॉलिश, डिंक आणि कीडनाशक प्रक्रिया यांचा धूर आपल्या स्वयंपाकघरात कशाला? शीशम-शिसवीची भुकटी काहींच्या त्वचेला आणि नाकाला झोंबते, घासताना तोंडाला फडकं बांधा.

## पायरी ८: निकाल लिहा

तीन वेगळ्या पुराव्यांशिवाय नाव लिहू नका, आणि त्यातला एक आडव्या कापाचा हवाच. वजन, रंग आणि वास हे तिन्ही जुळले आणि काप जुळला नाही, तर काप खरा धरा.

नाव किती नेमकं लिहायचं हेही बघा. भिंगाने 'अकेशिया' इथपर्यंत पोचता येतं, त्यातली नेमकी जात सांगता येत नाही. 'शीशम किंवा शिसव' असं लिहिणं प्रामाणिकपणाचं आहे. अगदी नेमकं हवंच असेल, म्हणजे महागड्या मालाची तक्रार करायची असेल, तर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत किंवा बेंगळुरूच्या काष्ठ विज्ञान संस्थेत सूक्ष्मदर्शकाखाली लाकूड ओळखून देतात. रोजच्या कांदा-कोथिंबिरीच्या फळीसाठी तेवढी यातायात नको.

वहिनींच्या त्या फळीवर मागच्या बाजूला आता पेन्सिलने लिहिलं आहे: "पट्ट्या १ ते ५ रबर, पट्टी ६ अकेशिया. ०.६१. रंग चढवलेला." त्यांनी ती साग म्हणून घेतली होती. मासळीसाठी त्यांनी ती बंद केली, कारण स्पिरिटच्या बोळ्याला लागलेला तपकिरी रंग त्यांनी स्वतः पाहिला. भाजी अजूनही आडाळ्यावरच (विळीवरच) चिरतात. फळीवर हल्ली पाव कापला जातो.

शेवटचं काम: उघडी केलेली जागा तशीच सोडू नका, ती सगळ्यात आधी पाणी पिते आणि तिथूनच काळी पडते. ४०० नंबरने हलका हात मारा, पुसा, खाण्याच्या वस्तूंना चालणारं मिनरल ऑइल दोन हात लावा आणि रात्रभर मुरू द्या. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल नको, ते चिकट होतं आणि खवटतं.